उंची किती ठेवू?

पहाटे पाचच्या सुमारास दूधवाल्या मामांची मोटारसायकल वसाहतीत शिरे, तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या किटल्यांच्या झाकणांचा एक ठरावीक नाद होत असे. कृष्णाकाठच्या त्या शहराच्या टोकाला वसलेल्या वसाहतीत गेली वीस वर्षे अण्णांना जाग येई ती याच नादाने. घड्याळाकडे पाहण्याची त्यांना गरज भासत नसे. मामा हे वसाहतीतल्या लहानथोरांचे मामा होते. पण अण्णांच्या लेखी ते दिवसाचे पहिले माणूस होते. त्या नादामागोमाग फाटकाची कडी वाजे, अक्का पातेले घेऊन बाहेर जात आणि दिवस सुरू होई.

सार्वजनिक बांधकाम खात्यात अण्णांनी छत्तीस वर्षे काढली होती. १९८१ साली कनिष्ठ अभियंता म्हणून ते रुजू झाले आणि २०१७ साली निवृत्त झाले. मोऱ्या, लहान पूल, घाटातील संरक्षक भिंती आणि मैलोगणती डांबरी रस्ते त्यांच्या हाताखालून गेले. माणूस स्वभावाने मितभाषी. मात्र मापाच्या बाबतीत काटेकोर. भिंतीवर खिळा ठोकायचा असला तरी ते आधी पट्टी लावून पाहत. अक्का हसून म्हणत, “तुमच्या हातून चुकून एखादी गोष्ट तिरकी झाली, तर त्या दिवशी मी पुरणपोळी करीन.” पुरणपोळीचा तो प्रसंग कधी आला नाही. जे चुकले ते मापात चुकले नव्हते. ते माप सांगण्यात चुकले होते, आणि म्हणूनच ते अण्णांच्या मनातून अनेक महिने गेले नाही.

वसाहतीचा मुख्य रस्ता हमरस्त्यापासून प्राथमिक शाळेच्या फाटकापर्यंत सुमारे चारशे मीटर अगदी सरळ जातो. वर्षानुवर्षे तो खड्ड्यांनी भरलेला होता. लोक त्या खड्ड्यांना नावे ठेवत. पण त्या खड्ड्यांनीच वाहनांना एक प्रकारची शिस्त लावली होती, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. उन्हाळ्यात रस्ता नव्याने डांबरी झाला. पेढे वाटले गेले, फलक लागला. काळ्याभोर, आरशासारख्या गुळगुळीत रस्त्याकडे पाहून अण्णांनाही समाधान वाटले. पंधरा दिवसांतच मोटारसायकलींचे आवाज बदलले. पूर्वी ज्या रस्त्यावरून तरुण मुले गाडी सावरत येत, त्याच रस्त्यावर आता ती हमरस्त्याकडून वळताक्षणी गाडी सुसाट सोडू लागली. रस्ता चांगला झाला, तसा तो चालणाऱ्यांचा राहिला नाही.

जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीवाल्यांची तिसरीत शिकणारी मुलगी शाळेच्या फाटकासमोर मोटारसायकलीखाली आली. जीव वाचला. मांडीचे हाड मात्र दोन ठिकाणी मोडले आणि शस्त्रक्रियेत पायात पट्टी घालावी लागली. मोटारसायकल चालवणारा मुलगा याच वसाहतीतला, जेमतेम अठरा वर्षांचा. तोही रस्त्याच्या कडेला बसून रडत होता, असे पाहणाऱ्यांनी सांगितले.

त्या संध्याकाळी सभामंडपात सारी वसाहत जमली. कोणी नगरसेवकाला फोन लावत होते, कोणी पोलिसांना दोष देत होते. मुलीचे वडील इस्पितळातून थेट तेथे आले होते. त्यांच्या सदऱ्यावर अजून पिठाचे पांढरे डाग होते. ते फार बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “इथं गाडी आदळलीच पाहिजे. आदळल्याशिवाय यांना कळणार नाही.” क्षणभर सर्व स्तब्ध झाले आणि मग टाळ्या वाजल्या. अर्ज, परवानगी, पाहणी यांत सहा महिने जातील. त्यापेक्षा आज रात्रीच दोन गतिरोधक घालून टाकू, असे तरुण मंडळींनी ठरवले. एका घराच्या स्लॅबचे काम चालू होते. तेथे खडी होती, वाळू होती, सिमेंटची पोती होती आणि गवंडीही होता.

अण्णा मागच्या रांगेत बसले होते. आपल्याला काय बोलायला हवे, ते त्यांना स्पष्ट दिसत होते. ज्याला आपण एकाच शब्दाने गतिरोधक म्हणतो, त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे बंप. हातभर रुंदीचा, उभट आणि आखूड उंचवटा. दुसरा हंप, बारा फूट लांबीचा, कासवाच्या पाठीसारखा सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा. पहिला जागा करतो ती वाहनतळात, जेथे गाडी मुळातच माणसाच्या चालीने सरकत असते. वाहत्या रस्त्यावर चालतो तो दुसरा. हे त्यांना ठाऊक होते. परंतु मुलीच्या वडिलांच्या सदऱ्यावरचे ते डाग पाहून, आज येथे इंच आणि फूट मोजणे निर्दयपणाचे होईल, असे त्यांना वाटले. ते उठून घरी आले.

रात्री दहा वाजता गवंडी फाटकाशी उभा राहिला. अण्णांच्या हाताखाली त्याने पूर्वी काम केले होते, म्हणून त्याला विचारल्याशिवाय राहवले नाही. “अण्णा, उंची किती ठेवू?”

अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तुम्हांला योग्य वाटेल तेवढी ठेवा.”

सकाळी रस्त्यावर दोन उंचवटे उभे होते. रुंदी हातभर, उंची चांगली सहा इंच. पहिले दोन दिवस लोकांना कृतार्थ वाटले. गाड्या खरोखरच आदळत होत्या. नंतर हळूहळू तक्रारी येऊ लागल्या, पण त्या दबक्या आवाजात. कारण मुलीच्या वेदनेपुढे आपल्या कंबरेचे दुखणे सांगायची कोणाला लाज वाटे. मोटारींचे पोट घासू लागले. दिवस भरत आलेल्या एका सुनेला दवाखान्यात नेताना रिक्षातून उतरवून उंचवटा पायी ओलांडायला लावले गेले. मणक्याचा आजार असलेले एक निवृत्त शिक्षक घराबाहेर पडेनासे झाले. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या तरुण मुलांनी आठवड्याभरात वाट शोधली. उंचवटा आणि गटार यांच्यामध्ये पाणी वाहून जाण्यासाठी हातभर जागा सोडली होती. तेथून मोटारसायकली सुळकन निघू लागल्या. नेमकी तीच जागा शाळेत जाणाऱ्या मुलांच्या चालण्याची होती.

आणखी एक विचित्र गोष्ट अण्णांनी गॅलरीत बसून टिपली. काही वाहनचालक उंचवट्यावरून सावकाश जात आणि त्यांना जबर हादरा बसे. तर काही जण वेग न कमी करता जात आणि त्यांचे फारसे काही बिघडल्याचे दिसत नसे. पाहणाऱ्याला हे उलटे वाटेल. पण त्यामागचे कारण साधे आहे. आखूड उंचवट्यावर चाक वेगाने आले, की चाक वर उचलले जाते, स्प्रिंग दाबली जाते आणि गाडीचा सांगाडा वर येण्याआधीच चाक पलीकडे उतरलेले असते. धक्का चाकाला, स्प्रिंगला, टायरला बसतो. चालकाला तो पूर्णपणे पोहोचतच नाही. म्हणजे जो सौम्यपणे येतो त्याला शिक्षा आणि जो बेदरकारपणे येतो त्याला सवलत! न्यायाची अशी उफराटी तऱ्हा त्या सहा इंचांत दडलेली होती.

तिसऱ्या आठवड्यात, आषाढातल्या एका पहाटे, पाऊस भुरभुरत होता आणि रस्त्यावरचे दिवे गेले होते. उंचवट्यांना ना पांढरे पट्टे होते, ना आधी सूचना देणारी पाटी. मामा आदल्या चार दिवसांपासून गावी गेले होते. परतल्यावरचा तो त्यांचा पहिला दिवस. त्यांच्या अनुपस्थितीत वसाहतीच्या दुसऱ्या टोकालाही एक नवा उंचवटा उगवला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. अण्णांनी अंथरुणात तो ओळखीचा नाद ऐकला. मग एकाएकी किटल्या आपटल्याचा मोठा आवाज झाला आणि नंतर काहीच ऐकू आले नाही.

ते धावत गेले तेव्हा पावसाच्या पाण्यात दूध मिसळून गटाराकडे वाहत होते. मामा उजव्या खांद्यावर पडले होते. खांद्याजवळचे हाड मोडले होते आणि दोन बरगड्यांना तडा गेला होता. डॉक्टरांनी दोन महिने वजन उचलायला मनाई केली. ज्या माणसाचा प्रपंच दोन किटल्यांच्या वजनावर उभा, त्याला वजन उचलायची बंदी!

त्या दिवशी अण्णांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात जुन्या मोजणीवह्यांच्या खाली एक पातळशी पुस्तिका होती. भारतीय रस्ते महासभेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, १९८८ साली गतिरोधकांविषयी ही मार्गदर्शिका काढली होती. तिचा क्रमांक नव्याण्णव. दुय्यम रस्त्यांवरील वेग आवरण्यासाठी उंचवटा कसा असावा, हे तीत नेमके सांगितले होते: रस्त्याच्या दिशेने लांबी ३.७ मीटर, मध्यावरची उंची १० सेंटिमीटर आणि माथ्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. अशा उंचवट्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखाने जाते. त्याहून वेगाने गेले, तर चालकाला बसणारा हेलकावा वेगासोबत वाढत जातो. एकाहून अधिक उंचवटे हवे असतील, तर त्यांत शंभर ते एकशेवीस मीटरांचे अंतर ठेवावे. चाळीस मीटर आधी सूचनेची पाटी असावी. माथ्यावर काळेपांढरे पट्टे असावेत. पुढे २०१८ साली याच मार्गदर्शिकेची सुधारित आणि विस्तृत आवृत्ती निघाली. तिची प्रत अण्णांच्या एका माजी सहकाऱ्याने त्यांना पाठवली.

ही मापे कोणाच्या मनात आले म्हणून ठरलेली नव्हती. वेग आवरण्यासाठी रस्ता उंच करण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या चॅटम या गावी १९०६ सालीच रस्ता ओलांडायच्या वाटा पाच इंचांनी उंच करण्याचा प्रयोग झाला. १९२७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे आर्थर कॉम्प्टन सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख होते. विद्यापीठाच्या आवारातून भरधाव जाणाऱ्या मोटारी पाहून त्यांनी १९५३ साली अशा उंचवट्यांचा आकार स्वतः बेतला. किरणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञालाही आपल्या दारातल्या रस्त्याकडे लक्ष द्यावेसे वाटले, ही गोष्ट अण्णांना फार आवडे. पुढे ब्रिटनमधील वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून निरनिराळी वाहने निरनिराळ्या वेगांनी नेऊन पाहिली आणि १९७३ साली आपला अहवाल दिला. त्यातून बारा फूट लांबीचा आणि चार इंच उंचीचा गोलसर उंचवटा पुढे आला. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर साधारणतः अडीच मीटर असते. उंचवटा त्याहून लांब असला, की चाकाबरोबर सारी गाडीच वर चढते आणि खाली उतरते. मग स्प्रिंगला धक्का परस्पर गिळून टाकता येत नाही. सावकाश जाणाऱ्याला केवळ झुलल्यासारखे वाटते आणि वेगाने जाणाऱ्याला आपला वेग आपल्याच पोटात जाणवतो.

हे सारे अण्णांच्या पेटीत तीस वर्षे पडून होते. आणि एका रात्री एका माणसाने फाटकाशी उभे राहून नेमके तेच विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते मामांना भेटायला इस्पितळात गेले. बरोबर अक्कांनी दिलेला डबा होता. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर अण्णांनी खाली पाहत सांगितले, “मामा, गवंड्यानं त्या रात्री मला उंची विचारली होती. मला माप ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.”

मामा बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अण्णा, तुम्ही सांगितलं असतं, तरी त्या रात्री कुणी ऐकलं नसतं.”

“नसतं ऐकलं,” अण्णा म्हणाले, “पण मी सांगितलेलं असतं.”

यावर मामांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी डाव्या हाताने डबा जवळ ओढला आणि झाकण उघडून देण्यासाठी अण्णांपुढे केला.

अण्णांनी अर्ज लिहिला. आयुष्यभर ज्या टेबलाच्या एका बाजूला बसून त्यांनी अर्ज वाचले, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ते आता उभे राहू लागले. महापालिकेचा बांधकाम विभाग, वाहतूक पोलीस, पुन्हा बांधकाम विभाग. रस्त्याचा नकाशा त्यांनी स्वतः काढला. हमरस्त्यापासून ८० मीटरवर पहिला हंप, २०० मीटरवर दुसरा आणि ३२० मीटरवर, जेथे मुले रस्ता ओलांडतात त्या ठिकाणी, सपाट माथ्याचा रुंद उंचवटा. हा तिसरा प्रकार मेजासारखा असतो. दोन्ही बाजूंना उतार आणि माथ्यावर पादचाऱ्यांसाठी पट्टे. पदपथाच्या उंचीवरूनच मूल पलीकडे जाते. मूल रस्त्यावर उतरत नाही. गाडीच मुलाच्या पातळीवर चढून येते. वसाहतीच्या वाहनतळाच्या तोंडाशी मात्र त्यांनी आखूड बंपच सुचवला. तेथे गाड्या मुळातच सरपटत येतात आणि जागाही बारा फुटांची नसते. “ज्याची जागा जिथं, त्याला तिथं ठेवावं,” असे ते म्हणत.

खरी अडचण महापालिकेत नव्हती. ती गिरणीत होती. जुने उंचवटे काढायचे म्हणताच मुलीचे वडील उसळून म्हणाले, “अण्णा, माझ्या लेकीच्या पायात लोखंड बसलंय. तिच्या नावानं या वसाहतीनं एवढी एकच गोष्ट केली, तीही तुम्ही उखडायला निघालात?”

अण्णांनी वाद घातला नाही. दळणाच्या रांगेतल्या बाकावर ते बसून राहिले. गिऱ्हाइके गेली, पट्टा थांबला, पीठ खाली बसले. मग त्यांनी विचारले, “दादा, बारीक पीठ हवं म्हणून चक्कीचे दगड एकदम आवळले तर काय होतं?”

“पीठ करपतं,” गिरणीवाले म्हणाले. “दगडही खराब होतात.”

“आणि ढिले सोडले तर?”

“भरड येतं.”

“मग तुम्ही काय करता?”

गिरणीवाले काही बोलले नाहीत. त्यांची बोटे नकळत चक्कीच्या कडेच्या मुठीवर गेली होती. ती मूठ किती फिरवायची, हे पंचवीस वर्षांत त्यांना हाताने कळत होते; कोणाला सांगून कळणारे ते नव्हते. काही वेळाने ते म्हणाले, “नवं होईपर्यंत जुनं काढायचं नाही.”

“नाही काढणार. त्याला आज चुन्याचे पट्टे मारू. नवं झालं, त्याच दिवशी जुनं काढू.”

त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून उंचवट्यांवर चुना ओढला. दिवा नसलेल्या खांबापाशी गिरणीवाल्यांनी आपल्या गिरणीतून तार ओढून एक बल्ब लावला.

मंजुरीला श्रावण आणि भाद्रपद उलटले. दरम्यान अण्णांनी एक काम शाळेत केले. उंचवट्याचा लाकडी फर्मा करायचा होता आणि सतरा मीटर त्रिज्येचा कंस काढायला घरात जागा नव्हती. शाळेच्या मैदानात त्यांनी एक खुंटी ठोकली, तिला सुंभ बांधला, सतरा मीटर मोजून दुसऱ्या टोकाला खडूचा मोठा तुकडा अडकवला आणि मैदानाच्या कडेच्या फरशीवर कंस काढला. चौथीची मुले सुंभ ताणून धरून होती. तिसरीतली ती मुलगी कुबडी टेकवून पायरीवर बसली होती. अण्णांनी कंसाच्या दोन टोकांवर ३.७ मीटर अंतराच्या खुणा केल्या, त्या सरळ रेषेने जोडल्या आणि मध्यावर पट्टी उभी धरली. “वाच पाहू,” ते त्या मुलीला म्हणाले. ती कुबडीवर उठून आली, वाकली आणि म्हणाली, “दहा.”

“दहा काय?”

“दहा सेंटिमीटर.”

एवढ्या मोठ्या वर्तुळातून एवढासा, हाताच्या वितीहूनही निम्मा उंचवटा निघावा, याचे मुलांना फार नवल वाटले. मध्यापासून अर्धा मीटर सरकले, तर उंची ९.३ सेंटिमीटर, एक मीटर सरकले, तर ७.१, दीड मीटरवर ३.४. मुलांनी ही मापे फळ्यावर लिहिली. उंची कोठेही एकदम पडत नव्हती. अण्णांना वाटले, छत्तीस वर्षांच्या नोकरीत आपण ही आकृती कितीदा कागदावर पाहिली. पण तिच्यातला संयम आज प्रथमच दिसला. सतरा मीटरांची ताकद असूनही ती रस्त्याला दहा सेंटिमीटरच दाखवते.

फर्मा तयार झाला. ऑक्टोबरमध्ये महापालिकेचे पथक गरम डांबर घेऊन आले, तेव्हा प्रत्येक थर दाबल्यावर अण्णा तो फर्मा आडवा ठेवून पाहत. एका ठिकाणी दोन सेंटिमीटर जास्त भरले. मुकादम म्हणाला, “साहेब, दोन सेंटिमीटरनं काय होतंय?” अण्णा काही बोलले नाहीत. पण तोच गवंडी फावडे घेऊन पुढे झाला आणि वरचा थर खरडू लागला. दुपारपर्यंत तिन्ही उंचवटे झाले, पट्टे ओढले गेले, चाळीस मीटर आधी पाट्या रोवल्या गेल्या. गटाराच्या कडेला पाण्यासाठी लहानशी खाच होती. मोटारसायकल त्यातून जाऊ नये म्हणून तेथे बुटके खांब उभारले. जुन्या उंचवट्यांवर पहिला घण मुलीच्या वडिलांनी घातला.

फरक लगेच दिसला असे नाही. पहिल्या दिवशी काही जणांनी “एवढ्याशा उंचवट्यानं काय होणार?” असे म्हटले. पण वेगाचे गणित उंचीइतके दिसणारे नसते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या वाहनात ३० किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाच्या दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा असते. आणि ती ऊर्जा कोणाच्या तरी शरीरावर खर्च होते. म्हणूनच २०२० सालच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह जगभरच्या प्रतिनिधींनी धरला. ते ३० किलोमीटर कागदावरून रस्त्यावर आणण्याचे काम या दहा सेंटिमीटरांचे आहे. उलट, भलत्या जागी, भलत्या मापाने बांधलेला गतिरोधक रक्षण करण्याऐवजी घात करतो. केंद्र सरकारच्या नोंदींनुसार २०१५ या एका वर्षात खड्डे, गतिरोधक आणि अर्धवट कामांचे रस्ते या तीन कारणांनी देशात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातले प्रत्येक मरण कोणाच्या तरी दारात थांबले असणार. आणि त्यातले काही उंचवटे कोणी तरी, कोणाच्या तरी भल्यासाठीच, रातोरात घातलेले असणार.

वसाहतीत आता गाड्या आदळत नाहीत. रिक्षावाले उतरायला सांगत नाहीत. निवृत्त शिक्षक पुन्हा संध्याकाळी बाहेर पडू लागले. ज्या तरुणाच्या गाडीखाली ती मुलगी आली होती, तो दोन महिने गाडीला हात लावत नव्हता; आता तो शाळा सुटण्याच्या वेळी त्या सपाट उंचवट्यापाशी उभा राहतो आणि गाड्या थांबवून मुलांना पलीकडे सोडतो. त्याला तसे कोणी सांगितलेले नाही. मुलीचे वडील त्याच्याशी अजून बोलत नाहीत. पण परवा त्यांनी आपल्या नोकराच्या हाती त्याच्यासाठी छत्री पाठवली.

‘रोध’ म्हणजे अडवणे. गतिरोधक या शब्दातच एक आडवी भिंत आहे. म्हणून तो शब्द उच्चारला, की आपल्या मनात सहा इंचांचा बांध उभा राहतो. परंतु रस्त्याला हवे असते ते गतीचे शमन. तापलेल्या माणसाला धक्का देऊन तो शांत होत नाही. आणि त्याच्यापुढे गप्प बसूनही होत नाही. योग्य वेळी, योग्य तेवढेच सांगावे लागते. अण्णा त्या सभेत उठून उभे राहिले असते, तर कदाचित कोणी रागावले असते, कोणी त्यांना निर्दय म्हटले असते. पण दुःखात बुडालेल्या माणसाला खरे माप सांगणे ही निर्दयता नव्हे; ती त्याची जबाबदारी वाटून घेणे आहे, हे त्यांना उशिरा उमगले. पेटीतली पुस्तिका आता माळ्यावर नाही. ती बाहेरच्या खोलीत, टेबलावर असते. शेजारच्या दोन वसाहतींचे लोक येऊन गेले. प्रत्येकाला अण्णा आधी विचारतात, “वाहनतळ आहे की रस्ता?” आणि मग कागदावर आकृती काढून देतात. उंची सांगताना ते आता थांबत नाहीत.

दिवाळी झाली आणि मामा पुन्हा दूध घालायला येऊ लागले. मधल्या काळात त्यांचा पुतण्या येत असे. पण त्याच्या गाडीचा नाद निराळा होता. पहिल्या दिवशी पहाटे अण्णा नेहमीपेक्षा आधीच जागे होऊन पडले होते. हमरस्त्याकडून मोटारसायकल वळल्याचे ऐकू आले. झाकणांचा तो ओळखीचा नाद जवळ आला. पहिल्या उंचवट्यापाशी इंजिनाचा आवाज थोडा खाली गेला, गाडी चढली, उतरली आणि पुढे आली. अण्णा श्वास रोखून ऐकत होते. झाकणे एकदाही आपटली नाहीत.

थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. अक्का पातेले घेऊन उठल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, “आज मी जातो,” आणि त्यांच्या हातातले पातेले घेऊन ते बाहेर गेले.